जिवाणूचा पंप आणि डाव्या स्प्रिंगा

रविवारी दुपारी जेवणाची ताटं उचलून झाल्यावर मी टेबलावरचा टॉवेल ओढून बाजूला केला आणि बायकोला म्हटलं, "बघ."

टॉवेलखाली तिचं प्रथिन होतं, म्हणजे त्याचं मॉडेल. बारा स्प्रिंगा, सहा-सहाचे दोन जुडगे, मधून आडवा दांडा, खाली लाकडी पाट. तीन आठवडे गॅलरीत बसून मी ते जुळवलेलं, आणि इतकं देखणं झालेलं की आदल्या दिवशी त्याचा फोटो काढून आमच्या कारखान्याच्या ग्रुपवर टाकलेला. अकरा जणांनी अंगठे दाखवलेले.

बायको वाकली. डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. पहिल्या स्प्रिंगवर बोट टेकवून ते वेढ्यावेढ्याने वर नेलं. मग दुसरीवर. तिसरीपाशी थांबली.

"अहो," ती म्हणाली, "ह्या डाव्या आहेत."

मी हसलो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं स्प्रिंगा बनवतोय. म्हणजे बनवतात दुसरे, मी त्यांच्या मागे उभा राहून मान डोलावतो, पण तरी. स्प्रिंग डावी की उजवी हे मला बायकोने सांगावं? मी तिची समजूत घालायला म्हणून खाली वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. बाराच्या बारा डाव्या.

ज्यांचा ह्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्प्रिंग उभी धरली की समोरचे वेढे एकतर डावीकडून उजवीकडे वर चढत जातात, नाहीतर उजवीकडून डावीकडे. पहिली ती उजवी, दुसरी ती डावी. घरातला कुठलाही साधा स्क्रू उजवा असतो, आणि आमच्याकडच्या बहुतेक सगळ्या स्प्रिंगाही उजव्याच. डावी लागते ती एकात एक दोन स्प्रिंगा बसवायच्या असतील तेव्हा. बाहेरची उजवी असली तर आतली डावी करतात, म्हणजे दोघींचे वेढे एकमेकींत अडकत नाहीत. अशा आतल्या स्प्रिंगांचा एक लॉट गिऱ्हाइकाने परत पाठवलेला. बारीक, चकचकीत, बरोबर सहा वेढ्यांच्या, म्हणून त्याच मी घरी आणल्या. बायकोने सहाच वेढे सांगितलेले. मी लांबी मोजली, जाडी मोजली, वेढे मोजले, आणि ज्या एका गोष्टीसाठी मला पगार मिळतो तेवढी बघायची राहिली.

प्रथिनातली गुंडाळी उजवी असते. नेहमी उजवी, असं मी म्हणतो. बायको म्हणते, "जवळजवळ नेहमी." शास्त्रातली माणसं 'नेहमी' म्हणताना कचरतात.

आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता ठाण्याला तिची व्हायवा होती. पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा.

बायको कल्याणच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. चाळिशी उलटल्यावर, लोक गुडघ्यांचे एक्स-रे काढतात त्या वयात, तिने पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय काय, तर जिवाणूच्या आवरणात बसलेलं एक प्रथिन. तो जिवाणू आंबिवलीच्या पुढे नदीच्या पाण्यात सापडला. पाणी आणायला मी बरोबर गेलेलो, त्यामुळे ह्या संशोधनात माझाही वाटा आहे असं मी लग्नकार्यांत सांगायचो. प्रत्यक्षात मी बाटली धरून काठावर उभा होतो आणि तिने दोनदा बजावलेलं, झाकणाला आतून बोट लावू नका. मी लावलं. ती बाटली तिने वेगळ्या पिशवीत ठेवली.

मला कळलं ते एवढं. जिवाणूच्या भोवती तेलकट पडदा असतो. त्यातून सहजासहजी काही ये-जा करू शकत नाही, म्हणून पडद्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. बायकोचं प्रथिन हे बाहेर टाकणारं दार. आपण औषध घेतो, ते कसंबसं जिवाणूच्या आत पोचतं, आणि हा पंप त्याला धरून परत बाहेर नेऊन सोडतो. आमच्या सोसायटीचा वॉचमन सेल्समनला तिसऱ्या मजल्यावरून दंडाला धरून गेटबाहेर आणतो, तसंच.

हे मी आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे औषध घ्यायचं आपण, आणि ओकायचं त्याने?"

"हो."

"मग डॉक्टरला पैसे कसले देतो आपण?"

पण खरी गंमत त्या दाराच्या आकारात आहे. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. ही साखळी पडद्यातून वर जाते, खाली येते, परत वर जाते, असं बारा वेळा, आणि प्रत्येक फेरीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. पहिल्या सहा गुंडाळ्यांचा एक जुडगा, पुढच्या सहांचा दुसरा. बायको हे हातांनी दाखवते. नमस्कारासारखे तळहात जोडायचे. बोटांची टोकं जुळलेली ठेवून मनगटं लांब करायची. आता पंपाचं तोंड आतल्या बाजूला उघडं आहे, औषध आत शिरलं. मग मनगटं मिटायची आणि बोटं उघडायची. औषध बाहेर गेलं. प्रत्येक फेरीची मजुरी म्हणून बाहेरून एक प्रोटॉन आत येतो. दोन्ही तोंडं एका वेळी उघडी कधीच नसतात. असली तर तो पंप राहिला नाही, भोक झालं, आणि जिवाणूचा कारभार आटोपला.

तिने काय केलं, तर चौथ्या गुंडाळीतला एकच दुवा बदलला. त्याबरोबर पंप अडकला. मनगटं उघडी, बोटं मिटलेली, जागच्या जागी. औषध आत ते आतच, आणि जो जिवाणू आधी कशाला दाद देत नव्हता तो साध्या औषधाने मेला. एवढं दाखवायला तिला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत मी वरणाला फोडणी द्यायला शिकलो, त्याची कुठे नोंद नाही.

पण तिला हे लोकांसमोर मांडता येईना. वर्गात साठ पोरांपुढे खणखणीत बोलणारी बाई, पण प्रबंध देण्यापूर्वीच्या सादरीकरणात समितीतल्या एकाने विचारलं, "दोन्ही तोंडं एकदम उघडत नाहीत कशावरून?" आणि ही दहा मिनिटं बोलली. सगळं बरोबर बोलली आणि कुणालाही काही कळलं नाही. घरी येऊन म्हणाली, "मला माझाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा येत होता." तेव्हा कसंबसं निभावलं. आता बाहेरचे परीक्षक येणार होते, आणि ते काटेकोर म्हणून प्रसिद्ध. त्यांचं समाधान झालं नाही आणि प्रबंध दुरुस्तीला परत आला तर तिची मुदत संपत होती. मुदतवाढ एकदा घेऊन झालेली, दुसरी मिळत नाही. मग पुन्हा नोंदणीपासून सुरुवात. पन्नाशीला टेकलेल्या बाईने ती करायची की नाही, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

तिच्या गाइड बाईंनी सुचवलं, "ह्या वेळी हातात धरून दाखवता येईल असं काहीतरी आण. उघडतं, मिटतं, लोकांना दिसायला हवं."

बारा गुंडाळ्या म्हटल्यावर माझ्यासारख्याच्या डोळ्यांसमोर काय येणार?

तर रविवारी दुपारी आम्ही तिघं त्या टेबलाभोवती उभे. आई वाटाणे सोलता सोलता उठून आलेली. तिने दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "अरे मग उलट्या करून लाव."

"आई, उलटी केली तरी ती डावीच राहते."

"असं कसं? डाव्याचं उलट उजवं."

मी एक सुटी स्प्रिंग तिच्या हातात दिली. तिने ती वर-खाली फिरवली. परत फिरवली. डोळ्यांजवळ नेऊन पटकन फिरवली, जणू बेसावध पकडायची होती. डावीच. "ही काय चेष्टा आहे?" ती म्हणाली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही मनातल्या मनात एक फिरवून बघत होतो.

"मग आरशासमोर ठेवून दाखव," आई म्हणाली. "आरशात उजवी दिसेल."

बायको हसली. "आई, तुमचं शास्त्र एकदम बरोबर आहे. तुम्हालाच न्यायला हवं मंगळवारी." मग टॉवेल उचलून तिने मॉडेलवर नीट पांघरला. "राहू द्या हो. स्लाइड्स आहेत की." आणि आत जाऊन मंगळवारची साडी इस्त्रीला काढली.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडली की तिचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो आणि माझं मन हलकं होतं. ह्या वेळी नुसता इस्त्रीचा वास येत राहिला.

सोमवारी सकाळी मी कारखान्यात पाऊल टाकलं ते सरळ मामांकडे. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने कारागीर. जवळच्याच गावातले, पिढीजात शेतीवाले. त्यांच्या भातशेतीवर आता दोन टॉवर उभे आहेत, त्यांना कामाची काही गरज नाही. पण घरात दिवसभर बसलं की सून टीव्हीचा रिमोट देत नाही म्हणून ते रोज आठच्या ठोक्याला हजर.

"मामा, बारा स्प्रिंगा उजव्या हव्यात. ह्या मापाच्या. आजच."

मशीन मोठ्या ऑर्डरला लावलेलं, त्याचं सेटिंग मोडलं असतं तर मालकाने मला मोडलं असतं. म्हणजे लेथवर हाताने पिळायच्या, आणि तशा एकसारख्या पिळणारा माणूस एकच उरलेला.

"ऑर्डर कोनाची?" मामांनी विचारलं.

"बायकोची."

"मंग अर्जंट हाय." त्यांनी जुनी डावी स्प्रिंग हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "फोटू मी शनवारीच बगला. मना वाटला मुद्दाम डाव्या लावल्यात."

"मग तेव्हा का नाही बोललात? अंगठा दाखवलात तुम्ही!"

"साहेब तुमी. साहेबाला आमी कसा बोलनार?" आणि एवढा वेळ दाबून धरलेलं हसू त्यांनी सोडलं. लेथवरची आणखी दोन माणसं हसली. अकराच्या अकरा जणांना दिसलेलं, हे मला तेव्हा कळलं.

मामांनी सळईत तारेचं टोक अडकवलं, लेथ हळू सुरू केला आणि दुसऱ्या हाताने तार सरकवत नेली. सहा वेढे, तोड. सहा वेढे, तोड. मी प्रत्येक स्प्रिंग उभी धरून बघत होतो आणि प्रत्येक उजवी निघाल्यावर मला नव्याने आनंद होत होता.

"पन हा जिवानू हाय तरी कवरा?" मामांनी विचारलं.

"डोळ्यांना दिसत नाही."

"आन त्याचे दाराला बारा स्प्रिंगा?"

"एका दाराला बारा. आणि अशी दारं खूप."

मामांनी मान हलवली. "आमचे टॉवरला लिफ्ट एकच. ती बी बंद."

दुपारच्या चहाच्या आत बारा झाल्या. मामांनी त्या तेलाचा हात फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. म्हणाले, "वहिनीला सांगा, ह्या बरोबर हाईत. चूक निंगाली तं माज्या नावावर." इतकी वर्षं मी त्यांच्या मागे उभा राहून मान डोलावतोय, पण त्यांनी असली हमी मला कधी दिली नव्हती.

संध्याकाळी लवकर घरी आलो आणि जुन्या स्प्रिंगा उपटून नव्या बसवायला घेतल्या. आई समोर बसून मला स्प्रिंगांवर लावायला आकडे लिहिलेल्या चिकटपट्ट्या एकेक करून देत होती. तिचं लक्ष मालिकेत, माझं घड्याळात. आतल्या खोलीत बायको भिंतीकडे तोंड करून सराव करत होती. एखादं वाक्य मधेच तुटायचं, मग तेच वाक्य पहिल्यापासून. ते वाक्य तिसऱ्यांदा तुटलं तेव्हा आईने टीव्हीचा आवाज आपण होऊन बंद केला. असं आमच्या घरात कधी होत नाही.

चौथ्या स्प्रिंगवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. तो बदललेला दुवा. औषध म्हणून एक निळी गोटी. प्रोटॉनसाठी मोहरीचा दाणा ठेवू म्हटलं, तर आतून आवाज आला, "मोहरी फार मोठी होईल हो."

जेवणाआधी बायको बाहेर आली. बाराही स्प्रिंगांवरून बोट फिरवलं. "उजव्या आहेत," म्हणाली. एवढंच. दांडा धरून एकदा हलवलं: वरचं तोंड मिटलं, खालचं उघडलं. परत हलवलं: खालचं मिटलं, वरचं उघडलं. गोटी घरंगळून आईच्या चिकटपट्ट्यांत गेली.

मंगळवारी टॅक्सी केली. शिळफाट्याला नेहमीसारखा ट्रॅफिक. तासभर आम्ही एका सिमेंटच्या गाडीच्या मागे. मॉडेल तिच्या मांडीवर होतं. ती आधी खिडकीबाहेर बघत होती, मग मॉडेलकडे बघायला लागली आणि बघतच राहिली. मी विचारलं, "टेन्शन आलंय?" ती म्हणाली, "नाही, काही नाही," आणि त्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं. माझ्या हातच्या वस्तूचा तिला आधार वाटतोय, असं मनात आलं.

कोपरीच्या बाजूने आत वळून आम्ही कॉलेजला पोचलो तर परीक्षक आधीच आलेले. किडकिडीत गृहस्थ, शर्टाच्या खिशात छोटी वही. गाइड बाईंनी मला शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं. माझ्या पिशवीत पेढे होते. आधी आणू नका असं तिने बजावलेलं, म्हणून मी ते डब्याच्या खाली दडवलेले.

सादरीकरण ठीक झालं. आवाज थोडा कापरा, पण वाक्यं पूर्ण. मग परीक्षकांनी वही काढली आणि तोच प्रश्न विचारला. शब्दसुद्धा तेच. "दोन्ही तोंडं एकदम उघडत नाहीत कशावरून?"

मी बाकाची कड धरली. बायकोने मॉडेल पुढे ओढलं, डावा हात त्याच्या एका कोपऱ्यावर ठेवला आणि उजव्या हाताने दांडा हलवला. "हे बघा सर. वर उघडलं की खाली मिटतं."

परीक्षकांनी मॉडेल घ्यायला हात पुढे केला.

"मीच दाखवते, सर," ती म्हणाली. "सांधा नाजूक आहे."

मला ते लागलं. नाजूक? तो सांधा मी दोनशे वेळा हलवून बघितलेला!

"हे मॉडेल झालं," परीक्षक म्हणाले. "मॉडेल कुणीही बनवेल. प्रथिन असंच वागतं कशावरून?"

आणि मग ती बोलायला लागली. दहा मिनिटं नाही, जेमतेम दोन. "सर, माझा बदललेला पंप आतल्या बाजूला उघडा राहून अडकलाय. त्या वेळी बाहेरचं तोंडही उघडं असतं तर प्रोटॉन बाहेरून आपोआप आत वाहत राहिले असते. मी ते मोजलं. वाहत नाहीत. म्हणजे बाहेरचं दार बंद आहे." बोलताना तिने लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. पाण्याचे ग्लास ठेवायला आलेल्या शिपाईकाकांनीसुद्धा मान हलवली.

"आणि अगदी क्षणभरच उघडत असेल तर?"

मला वाटलं, आता तिचा आवाज दुसऱ्या खोलीत जाणार.

"तर माझ्या प्रयोगात ते दिसणार नाही, सर," ती म्हणाली. "तेवढं बारीक मला मोजता आलं नाही. प्रबंधात तसं लिहिलंय."

"लिहिलंय," परीक्षक म्हणाले. "मी वाचलं. तुम्ही स्वतःहून सांगता का, ते बघायचं होतं." आणि त्यांनी वही मिटून खिशात ठेवली.

आम्हाला बाहेर काढलं. परत बोलावलं तेव्हा गाइड बाई दारातच उभ्या होत्या. त्या तिला नावाने हाक मारायच्या; आज नावाच्या आधी 'डॉक्टर' लावून मारली. टाळ्या वाजल्या. मी पिशवीतून पेढे काढायला गेलो तर आधी भाजीचा डबा बाहेर आला.

नंतर स्टेशनजवळच्या एका छोट्या हॉटेलात आम्ही वडे मागवले. मॉडेल तिसऱ्या खुर्चीवर. तिने घरी फोन लावला आणि आईला सांगितलं, तर पलीकडून पहिला प्रश्न आला, "जेवलात का?" फोन ठेवल्यावर बायको कितीतरी वेळ नुसती हसत बसली. इतक्या वर्षांत ती वड्यासमोर अशी निवांत बसलेली मी बघितली नव्हती. मग मला राहवेना. "सगळं छान झालं," मी म्हटलं, "पण सांधा नाजूक आहे, हे काय सांगितलंस? किती गुळगुळीत हलतो तो. सरांच्या हातात द्यायचं होतंस."

तिने वड्याचा तुकडा मोडून चटणीत बुडवला.

"अहो, आकडे बघा, दुसऱ्या आणि तिसऱ्या स्प्रिंगची अदलाबदल झालीये. तिसरी बाहेरच्या अंगाला हवी, तुम्ही ती आत घातलीत. टॅक्सीत दिसलं मला. अख्खा वेळ मी त्या कोपऱ्यावर हात ठेवून उभी होते आणि तुम्ही मागे बसून डोळे पुसत होतात. खा आता, गार होतोय."